जगदाळेबाईंच्या गाडीचं बॉनेट

दुर्गाताई जगदाळे हरिशंकरपुरमच्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाला भाजीवाला आपणहून भाव कमी करायचा, असा त्यांचा एके काळी आवाज होता. त्या आवाजावरच त्यांचं घर चाललं. ग्वाल्हेरातल्या बायकांना मोटार चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. पाटणकर बाजारातल्या दुकानदारणी, शाळांमधल्या मास्तरणी, दोन-चार डॉक्टरणी अशा कितीतरी जणी त्यांचा ओरडा खाऊन क्लच सोडायला शिकल्या. पुढे या शिकलेल्या बायकांच्या मुलीही त्याच ओरड्याखाली तयार झाल्या. दुर्गाताईंचा ओरडा खाल्ला नाही ती कसली ड्रायव्हर, असं त्या भागात बोललं जाई, आणि बोलणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द दुर्गाताईंचा असे.

गाडी मात्र सगळ्यांना एकच, जुनी पांढरी मारुती आठशे. ती घेतली त्यांच्या यजमानांनी, संभाजीरावांनी. संभाजीराव वीज खात्यात होते. माणूस म्हणून देवमाणूस आणि ड्रायव्हर म्हणून देवाच्या भरवशावरचे. त्यामुळे गाडी त्यांनी घेतली आणि चालवली दुर्गाताईंनी. जगदाळ्यांचे पूर्वज दक्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले, तेव्हा गाडी हाकणं आपल्या रक्तातच आहे, असं त्या शिष्यिणींना ऐकवत. आता घोडे जगदाळ्यांचे आणि या स्वतः माहेरच्या साळुंखे, पण असल्या बारीकसारीक गोष्टींपाशी अडून राहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. संभाजीराव गेल्यावरही त्यांनी महिनाभरात गाडी बाहेर काढली. रडणं घरात आणि शिकवणी रस्त्यावर, असा सरळ हिशेब त्यांनी ठेवला.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तब्येत सुधारली, पण आवाज काही पूर्वीचा परत आला नाही. आला तो अर्धामुर्धा, दाराआडून कुणीतरी बोलावं तसा. घरात चालून जाई. गाडीत मात्र त्याचं काही चालेना, कारण गाडी स्वतःच बडबडी. वयोमानानं बॉनेटच्या आतला रंग पापुद्रे धरून सुटला होता, गंजाचे कपटे इंजिनावर पडत होते, आणि तो उघडा पत्रा इंजिनाच्या प्रत्येक धडधडीला ताशासारखी साथ देत होता. मे महिन्याच्या उन्हात वर हात ठेवला तर चटका बसे, तो वेगळाच.

पहिल्यांदा एक बँकवाली कारण न सांगता यायची थांबली. मग दुसरी एक थांबली, तिनं तेवढं कारण सांगितलं. उरली गरिमा. गरिमा नर्स होती, भितरवारकडच्या एका आरोग्य केंद्रावर तिची बदली झाली होती आणि बसच्या वेळांना ती कंटाळली होती. गाडी शिकायचीच, असा तिचा निश्चय होता. एके सकाळी किला गेटजवळ आडव्या गल्लीतून केळ्यांची हातगाडी पुढे आली. दुर्गाताई म्हणाल्या, "ब्रेक." गाडी जातच राहिली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो त्यांनी दाबला म्हणून केळी वाचली.

"मैडम, आपने बोला ही नहीं," गरिमा घाबरून म्हणाली.

"बोला था बेटा."

"मुझे तो सुनाई नहीं दिया." मग नजर चुकवत ती म्हणाली, "मैडम, बुरा मत मानिएगा. आपकी आवाज़ ही नहीं आती. ऐसे में मैं सीखूँगी कैसे?"

दुर्गाताईंनी वाईट वाटून घेतलं नाही, असं त्या नंतर सगळ्यांना सांगत. ते खोटं आहे. त्यांना फार वाईट वाटलं. आयुष्यभर लोकांनी त्यांना हळू बोला म्हणून विनवलं होतं, आणि आता एक पोर सांगत होती की ऐकूच येत नाही. पण वाईट वाटलं म्हणून हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी गरिमाला सांगितलं, की मला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ दे. त्या दिवशीही माझं बोलणं ऐकू आलं नाही, तर क्लासची पाटी मी माझ्या हातानं उतरवीन.

मुलगा उत्कर्ष इंदूरला होता. त्याला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, छोड़ो ना आता. किती वर्षं करणार? गाडी विकून टाक, आराम कर." आईनं नुसतं हूं म्हटलं, तेव्हा त्यानं कुरिअरनं एक गळ्यात अडकवायचा माइक आणि कमरेला बांधायचा छोटा स्पीकर पाठवला. दुर्गाताईंनी तो एकदाच लावला. गाडी उभी असताना त्या "क्लच दाब" म्हणाल्या आणि शेजारचे निवृत्त तहसीलदार गॅलरीत येऊन निवडणूक आहे का म्हणून विचारू लागले. माइक कपाटात गेला.

"नवी गाडीच घे मग," शांताताई म्हणाल्या. शांताताई म्हणजे संभाजीरावांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, शिवणकाम करत भावाकडेच राहिल्या, आणि भाऊ गेल्यावर त्या आणि भावजय असं दोघींचं घर उरलं. दुर्गाताई त्यांना अक्कासाहेब म्हणत.

"नवी गाडी मुलींच्या चुका झाकून घेते, अक्कासाहेब. ही लगेच चुगली करते. म्हणून शिकायला हीच बरी."

"मग आता काय करशील?"

"ही गाडी आणि मी, दोघी एकदम बोलतो. कुणीतरी एकीनं गप्प बसायला पाहिजे ना. मी तर बसत नाही."

विचार सोपा होता. इंजिनाचं बोलणं राहू द्यायचं, कारण गियर कधी बदलायचा ते कानानंच कळतं. बंद करायची ती पत्र्याची बडबड. त्यासाठी बॉनेटची आतली बाजू खरवडून, गंज काढून पुन्हा रंगवायची आणि तिला नमदा चिकटवायचा. नमदा म्हणजे जाड दाबलेलं कापड. इंजिनाच्या बाजूनं त्याला चंदेरी वर्खाचा पापुद्रा असतो, त्यानं उष्णताही परतते. दुर्गाताई पाटणकर बाजारात रंगाच्या दुकानी गेल्या. गंज मारायचं औषध, लाल प्रायमर, उष्णता सोसणारा काळा रंग आणि घासायला खरखरीत रेगमाल कागद मागितले, तर गल्ल्यावरचा तरुण हसून म्हणाला, "आंटी जी, किसी मिस्त्री को भेज दीजिए ना."

"तुझ्या आईला विचार," दुर्गाताई म्हणाल्या, "तिला गाडीचं चाक बदलायला मिस्त्रीनं शिकवलं की मी."

आतून आईचाच आवाज आला, की मैडम जो माँगें, चुपचाप दे दे. तरुणानं गुपचूप सगळं बांधून दिलं आणि सोबत एक ब्रश जास्तीचा टाकला.

कामाला त्या दोघीच होत्या. बिजागऱ्यांचे नट सोडायच्या आधी दुर्गाताईंनी खडूनं खुणा केल्या, नाहीतर बॉनेट परत बसवताना फट राहते. मग एका बाजूनं एक आणि दुसऱ्या बाजूनं दुसरी, अशा दोघींनी ते उचललं आणि अंगणातल्या नवारीच्या पलंगावर, गोधडी घालून, उताणं निजवलं. शांताताई सत्तरीच्या पुढच्या, पण शिलाई मशीन या खोलीतून त्या खोलीत एकटीनं नेणाऱ्या. त्यांनी पाठीचं नाव काढलं नाही.

आणि उताण्या बॉनेटच्या बरोबर मध्यावर तो शेंदराचा स्वस्तिक होता.

त्याचं असं आहे. जगदाळ्यांच्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. देव्हाऱ्याशेजारी एक बोथट तलवार आणि एक दांडपट्टा आहे, त्यांना त्या दिवशी हळदकुंकू मिळतं. गाडी घरात आली त्या वर्षी संभाजीरावांनी ठरवलं, की आता हेच आपलं शस्त्र. तलवारीची पूजा कुणी म्यानावरून करत नाही, तेव्हा गाडीचीही पूजा वरून करायची नाही, बॉनेट उघडून आतून करायची. त्यांनी तेलात कालवलेल्या शेंदरानं पत्र्यावर स्वस्तिक काढला आणि नारळाचं पाणी शिंपडलं. पुढच्या वर्षी त्याच्यावरच दुसरा काढला. ते गेल्यावर दर नवमीला शांताताईंनी तो काढला, भावाच्याच रेघांवरून बोट फिरवत. शेंदराचा तो थर आता चांगला जाड झाला होता. आजूबाजूचा गंज बराचसा त्या नारळाच्या पाण्याचा होता, हे दुर्गाताईंना दिसत होतं. श्रद्धेनं पत्रा खाल्ला होता, पण हे अक्कासाहेबांना सांगायचं कुणी?

"त्याला हात लावू नको," शांताताई म्हणाल्या.

"नाही लावत."

खरं सांगायचं तर दुर्गाताईंना हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. संभाजीरावांचे कपडे त्यांनी वाटून टाकले होते, चष्मा आश्रमाला दिला होता. त्यांच्या हाताची म्हणून जी रेघ उरली होती ती ही, गाडीच्या पोटात, शेंदराच्या तळाशी. तिच्यावर रेगमाल फिरवायचा त्यांना धीर नव्हता, आणि धीर नाही हे कबूल करायची सवयही नव्हती. म्हणून त्यांनी ते अक्कासाहेबांच्या सोवळ्यावर ढकललं. स्वस्तिकाभोवती कागदाची पट्टी चिकटवली आणि बाकीचा पत्रा तारेच्या ब्रशानं घासायला घेतला.

बाकीचं काम मात्र बघण्यासारखं झालं. गंज निघाला, औषध पांढरं पडून वाळलं, थिनरच्या बोळ्यानं पत्रा पुसला, प्रायमर चढला, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात बसले. नमद्याचं कापणं शांताताईंनी स्वतःकडे घेतलं. बॉनेटच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि नमदा त्या खाचांत नेमका बसावा लागतो. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, कोपरे दाबून साचा उतरवला आणि जन्मभर ब्लाउज बेतलेल्या हातानं कात्री चालवली. कडा सुटू नयेत म्हणून त्यांना काजाचे टाकेही घातले. "मोटारीला कुणी कटोरी ब्लाउज शिवलेला पाहिला नव्हता मी," दुर्गाताई म्हणाल्या. शांताताईंनी सुईचा दोरा दातानं तोडला आणि माप बरोबर आहे का तेवढं बघ, म्हणाल्या.

मग दोन्ही बाजूंना गोंद लावला, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबल्या आणि नमदा दाबून बसवला. तो स्वस्तिकावरूनही गेला. शांताताई म्हणाल्या, झाकलेलं चालतं, देवालाही आपण वस्त्र घालतोच. बॉनेट गाडीवर चढलं, खडूच्या खुणा जुळल्या, आणि दुर्गाताईंनी गाडी सुरू केली तर पत्रा अगदी मुका. त्यांनी नेहमीच्या अर्ध्या आवाजात "अक्कासाहेब" म्हटलं आणि मागच्या सीटवरून ओ आली. दुर्गाताईंनी लगेच इंदूरला फोन लावून मुलाला सांगितलं, की तुझा तो माइक कुणा पुढाऱ्याला देऊन टाक.

सोमवारी गरिमा आली. दोघी मेळ्याच्या मैदानावर गेल्या. जत्रा नसते तेव्हा ते मैदान शिकणाऱ्यांचंच असतं. पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. गरिमा म्हणाली, "मैडम, आज तो सब सुनाई दे रहा है." दुर्गाताई फुशारल्या. ऊन चढलं, तिसरी फेरी झाली, चौथी झाली, आणि गाडीत करपल्याचा वास आला. मग बॉनेटच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघाली. गरिमानं गाडी जागच्या जागी बंद पाडली आणि दार उघडून लांब जाऊन उभी राहिली.

दुर्गाताईंनी पदरानं धरून बॉनेट उघडलं. कडा घट्ट होत्या, काजाच्या टाक्यांसकट. मधला भाग मात्र सुटून पोटासारखा खाली लोंबला होता आणि इंजिनाच्या तापल्या नळीला टेकून करपला होता. सुटलेल्या भागाच्या पाठीला गोंद होता आणि गोंदाला लाल शेंदूर. त्यांना पाहताक्षणी कळलं. पत्र्याला गोंद धरतो. तेलकट शेंदराला तो काय धरणार? ज्या चुकीसाठी त्यांनी एखाद्या मुलीला रस्त्यातून परत घरी पाठवलं असतं, ती चूक त्यांनी डोळे उघडे ठेवून केली होती.

"मैडम," गरिमा लांबूनच म्हणाली, "मैं कहीं और देख लूँ क्या?"

"चार दिन बाद आना," दुर्गाताई म्हणाल्या. "एक बार. फिर जहाँ जाना है जाओ, मी अडवणार नाही." घाईत शेवटचं मराठीतच निघालं. गरिमाला ते समजलं असावं, तिनं मान हलवली.

घरी आल्यावर दुर्गाताईंनी सुटलेला नमदा शांताताईंच्या पुढ्यात ठेवला. शांताताईंनी तो उलटा करून शेंदूर पाहिला, करपलेला भाग पाहिला.

"अक्कासाहेब, खरवडावं लागेल. पत्र्यापर्यंत."

शांताताई उठून देव्हाऱ्यापाशी जाऊन बसल्या. दुर्गाताईंनी चहा केला, तो निवून गेला. आपण फार बोललो का, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताताई आंघोळ करून, हातात अक्षतांची वाटी घेऊन अंगणात आल्या. बॉनेट पुन्हा पलंगावर उताणं होतं.

"गणपती आपण उठवतो," त्या म्हणाल्या. "गौरी उठवतो, घट उठवतो. याला कधी उठवलंच नाही. दरसाल बसवत मात्र गेलो. उत्तरपूजा न करता देव बसवून ठेवला तर तो तरी काय करेल? चूक त्याची नाही आणि गोंदाची पण नाही. माझी आहे."

"माझीही आहे. मला खरवडायचा नव्हता, अक्कासाहेब. तुमच्या सोवळ्यामुळे नाही. माझ्यासाठीच."

"ते मला तर माहीत होतं, बाई." शांताताईंनी स्वस्तिकावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि बॉनेटला दोन्ही हात लावून, गणपतीला हलवतात तसं, जरासं जागचं हलवलं. पुनरागमनाय च, म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "संभाजीलासुद्धा आपण दोघींनी असंच धरून ठेवलं. आण इकडे ती खरवडायची पट्टी."

पहिला हात त्यांनीच मारला. मग दुर्गाताईंनी पट्टी घेतली. वरचे थर शांताताईंचे, सरळ आणि नीट बोटाचे, ते पापडासारखे निघाले. खालचे संभाजीरावांचे. ते काळपटले होते आणि वाकडे होते. त्या माणसाला आयुष्यात सरळ रेघ आली नाही, ना रस्त्यावर, ना शेंदरात. सगळ्यात खालच्या थराला पट्टी लागली तेव्हा दुर्गाताई थांबल्या. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या, पट्टी हातात धरून, अंगणात, भर दिवसा. शांताताईंनी त्यांना थांबवलं नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. रडून झाल्यावर दुर्गाताईंनी पदरानं नाक पुसलं आणि पत्रा लख्ख होईपर्यंत खरवडला. खाली पडलेला शेंदूर शांताताईंनी कागदात गोळा करून कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या मुळाशी ठेवला.

मग थिनर, प्रायमर, काळा रंग, नव्यानं बेतलेला नमदा आणि गोंद. या खेपेला त्यांनी बॉनेट अख्खा दिवस उन्हात तापवलं, नमदा बोटांनी ओढून पाहिला, आणि तो हलला नाही तेव्हाच गाडीवर चढवलं.

ठरल्या दिवशी गरिमा आली. शांताताई मागच्या सीटवर बसल्या, कारण आपल्या शिवणीचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. दुर्गाताई या वेळी मैदानावर गेल्याच नाहीत. गाडी तासभर भर उन्हात शहरातून फिरवली, मोरारच्या पुलावरून नेली, स्टेशनच्या गर्दीतून काढली. करपल्याचा वास आला नाही. शेवटी त्यांनी गरिमाला गाडी किला गेटकडे घ्यायला सांगितली. समोर टेम्पो, शेजारी स्कुटर, मागे सगळ्या जगाचा हॉर्न. दुर्गाताई गळ्यात होता तेवढ्याच आवाजात बोलत होत्या. दुसरा गियर. आता सोड क्लच. हळू. आरशात कोण बघणार, तुझी सासू?

गरिमानं आरशात पाहिलं, स्कुटरला जाऊ दिलं आणि गाडी टेम्पोमागे बरोबर अंतरावर थांबवली.

"इतना पास नहीं," दुर्गाताई पुटपुटल्या. "कितनी बार बोलूँ, आगेवाले के पहिए दिखने चाहिए."

"सुन लिया मैडम," गरिमा वैतागून म्हणाली. "दिख रहे हैं पहिए. आप डाँटिए मत."

दुर्गाताईंनी वळून मागे शांताताईंकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना कुणी डाँटिए मत म्हटलं नव्हतं. टेम्पो सुटला, आणि त्यांनी त्याच पुटपुटत्या आवाजात, जिवाच्या समाधानानं, गरिमाला पुढच्या चौकापर्यंत झापलं.